थांबवणाऱ्याचं कौतुक करायला शिकूया

परवा आमच्या जुन्या कंपनीतल्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गगनयानावरून चांगलीच जुंपली. एकाने टाकलं, "२०१८ ला लाल किल्ल्यावरून सांगितलं की २०२२ पर्यंत भारतीय माणूस आपल्याच यानातून अंतराळात जाणार. आता २०२७ म्हणतात. गगनयान आणि आपला उड्डाणपूल, दोघांचं उद्घाटन एकाच दिवशी ठेवा." त्यावर हसण्याच्या इमोजींचा पाऊस. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू. पण फोन बाजूला ठेवला आणि डोक्यात वेगळंच काहीतरी सुरू झालं. ते इथे लिहितोय. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी २१ ऑक्टोबर २०२३ ची सकाळ आठवा. शनिवार होता. श्रीहरिकोट्याहून इस्रो गगनयानाची पहिली मोठी चाचणी करणार होती. वेळ सकाळी आठची. ती साडेआठ झाली, मग पावणेनऊ. मी टीव्हीसमोर बसलो होतो. उलटी मोजणी सुरू झाली आणि पाच सेकंद उरले असताना सगळं थांबलं. इंजिन ठरल्याप्रमाणे सुरू झालं नव्हतं. कॉम्प्युटरला काहीतरी खटकलं आणि त्याने स्वतःच ब्रेक मारला. तेव्हाचे इस्रोप्रमुख एस. सोमनाथ कॅमेऱ्यासमोर आले आणि शांतपणे म्हणाले की रॉकेट सुरक्षित आहे, काय झालं ते बघतो. त्या दहा-पंधरा मिनिटांत आमच्या ग्रुपवर किती विनोद झाले असतील सांगा. "बॅटरी उतरली का?" "धक्का मारा." मीही एक टाकला होता.

दहा वाजता तेच रॉकेट उडालं.

गंमत म्हणजे ती चाचणी कशाची होती? उड्डाण फसलं तर माणसांना वाचवता येतं का, याची! रॉकेट साधारण बारा किलोमीटर उंचीवर, आवाजापेक्षा जास्त वेगात असताना मुद्दाम ठरवलं की आता संकट आलं. टोकावरच्या सुटकेच्या मोटारी पेटल्या आणि त्यांनी माणसं बसायची कुपी रॉकेटपासून ओढून सतरा किलोमीटरच्या आसपास नेली. तिथून पॅराशूट उघडत ती बंगालच्या उपसागरात उतरली आणि नौदलाने उचलून आणली. आत माणूस नव्हता. पण उद्या असेल तर त्याचा जीव ज्या यंत्रणेवर टिकणार, ती चालली. म्हणजे त्या दिवशी आपण एक नाही, दोन वेळा थांबायला शिकलो. एकदा जमिनीवर, एकदा आकाशात. आणि आम्ही हसत होतो.

आता मी का अस्वस्थ झालो ते सांगतो. हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.

मी अंबड एमआयडीसीत प्रेस शॉपमध्ये बरीच वर्षं काढली. कंपनीचं नाव सांगत नाही, ती आता बंदही पडली. पॉवर प्रेस ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत असेल, त्याला दोन बटणं असतात, दोन हातांसाठी. दोन्ही एकाच वेळी दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. का? तर दोन्ही हात बटणावर असले की डायमध्ये हात असूच शकत नाही. साधी, स्वस्त आणि हुशार युक्ती. पण एक बटण चिकटपट्टीने दाबून बांधलं की एक हात मोकळा होतो, पीस भराभर काढता येतात आणि तासाचं प्रॉडक्शन वाढतं. हे सगळ्या प्रेस शॉपला माहीत असतं.

दिवाळीच्या आधीचा आठवडा. नाईट शिफ्ट. सकाळी डिस्पॅच जायचंच होतं. मी सुपरवायझर. रात्री अकराच्या फेरीत मला एका प्रेसवर ती पट्टी दिसली. चालवत होता सुरगाण्याकडचा एक पोरगा, कंत्राटी, वीस-बावीसचा. मी म्हणालो, "अरे, हे काय?" तो म्हणाला, "साहेब, टार्गेट." मी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणालो, "बरं, सकाळी बघू."

पहाटे साडेतीनला त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

नंतर कागदावर आलं: कामगाराचा निष्काळजीपणा. खाली सही माझी आहे.

मशीन बंद करायचा अधिकार मला होता की नाही? कागदोपत्री होता. लाल बटण माझ्यापासून चार फुटांवर होतं. पण ते दाबलं असतं तर सकाळी मॅनेजरने विचारलं असतं, "लाईन का थांबवली?" आणि "कोणाला काही झालं नाही" हे माझं उत्तर कोणी ऐकलं नसतं. न झालेला अपघात दाखवता येत नाही. बुडालेलं प्रॉडक्शन मात्र फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं.

अवकाशाचं वाचायचा नाद मला शाळेपासून. पण त्या रात्रीनंतर मी ते वेगळ्या नजरेने वाचायला लागलो. त्यातली एक गोष्ट ऐका, दोन बटणांचीच आहे.

२६ सप्टेंबर १९८३, बैकानूर. सोयूझ यानात व्लादिमीर तितोव आणि गेनादी स्त्रेकालोव हे दोघे बसलेले. उड्डाणाला साधारण दीड मिनिट बाकी असताना एक व्हॉल्व्ह बिघडला, इंधन सांडलं आणि रॉकेटच्या पायथ्याशी आग लागली. आतल्या दोघांना बाहेरचं काही दिसत नव्हतं. सुटकेची यंत्रणा सुरू करणारं बटण त्यांच्या हातात नव्हतंच. त्या यंत्रणेच्या तारा आगीत जळून गेलेल्या. उरला एकच मार्ग, रेडिओवरून आज्ञा. त्यासाठी वेगवेगळ्या खोल्यांतल्या दोन माणसांनी जवळपास एकाच वेळी आपापलं बटण दाबायचं होतं. चुकून एकाच्या हाताने मोटार पेटू नये म्हणून ही सोय. आग लागल्यापासून आज्ञा पोचेपर्यंत दहा-बारा सेकंद गेले. मग टोकावरची मोटार पेटली आणि कुपी उचलून घेऊन गेली. पुढच्या काही सेकंदांत खालचं रॉकेट फुटलं. ते दोघे चारेक किलोमीटरवर पॅराशूटने उतरले. स्वतःच्या वजनाच्या चौदा-पंधरा पट भार अंगावर आला होता, पण दोघेही जिवंत.

त्या दोन माणसांनी आधी मॅनेजरला फोन लावला नाही. "सकाळी बघू" म्हणाले नाहीत. रॉकेट गेलं, लाँच पॅड गेलं, कोट्यवधींचा चुराडा झाला, पण बटण दाबल्याबद्दल कोणी त्यांना जाब विचारला नाही.

आणि आता यातला आपला धागा. हाच गेनादी स्त्रेकालोव सहा-सात महिन्यांनी, ३ एप्रिल १९८४ ला, पुन्हा बैकानूरहूनच सोयूझमध्ये बसला. त्याच्या शेजारी होता आपला राकेश शर्मा. मी तेव्हा सहावीत होतो. इंदिराबाईंनी विचारलेला प्रश्न आणि शर्मांनी दिलेलं उत्तर आमच्या सगळ्या वर्गाला पाठ होतं. पण त्याच यानात बसलेला एक माणूस काही महिन्यांपूर्वी जळत्या रॉकेटवरून वाचलाय, हे आम्हा पोरांना कुठलं माहीत असणार. सोव्हिएत सरकारने तो अपघात तेव्हा जाहीरच केला नव्हता. पुढे हेच राकेश शर्मा आपल्या ओझरला एचएएलमध्ये मुख्य चाचणी वैमानिक होते, १९९२ पर्यंत. नाशिककरांनी हे विसरू नये. चाचणी वैमानिक म्हणजे विमानात काय बिघडू शकतं ते शोधणं हीच ज्याची नोकरी, असा माणूस.

दुसरी गोष्ट अलीकडची. ११ ऑक्टोबर २०१८. पुन्हा बैकानूर, पुन्हा सोयूझ. आत रशियाचा अलेक्सेई ओव्हचिनिन आणि अमेरिकेचा निक हेग. उड्डाणानंतर दोन मिनिटांनी बाजूचे चार बूस्टर सुटायचे होते. तीन नीट सुटले, चौथा मधल्या रॉकेटवर आपटला. टोकावरचा सुटकेचा मनोरा तोवर टाकून दिलेला होता. तरी यानाच्या आवरणावर दुसऱ्या मोटारी होत्या, खास त्या पुढच्या टप्प्यासाठी ठेवलेल्या. त्यांनी कुपी बाजूला खेचली. दोघे कझाकस्तानच्या माळावर सुखरूप उतरले. सगळं आपोआप झालं, तिथे माणसाला विचार करायला वेळच नसतो.

चौकशीत काय निघालं? जोडणी करताना एका सेन्सरची पिन वाकली होती. बस्स, एक वाकलेली पिन! कोणीतरी बसवताना वाकवली आणि कोणाच्या लक्षात आली नाही, किंवा आली असेल तर तो बोलला नाही. रशियाने रॉकेटवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण आणि कारण, दोन्ही तीन आठवड्यांत जगासमोर ठेवलं. १९८३ ला लपवणारे २०१८ ला दाखवायला शिकले. डिसेंबरमध्ये सोयूझ पुन्हा माणसं घेऊन उडालं, आणि मार्च २०१९ ला हेच दोघे पुन्हा त्याच यानात बसून वर गेले.

आता कोणी म्हणेल, मग काळजी कशाची? सुटकेची यंत्रणा असली की झालं. नाही, तसं नाही. ती शेवटचा उपाय आहे, आणि प्रत्येक वेळी ती असतेच असंही नाही.

२८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर शटल उडालं, तेव्हा त्यात अशी यंत्रणाच नव्हती. बूस्टर पेटल्यावर पहिली दोन मिनिटं सुटायचा काही मार्ग नाही, हे बनवणाऱ्यांना माहीत होतं. आदल्या रात्री फ्लोरिडात गोठवणारी थंडी होती. बूस्टर बनवणाऱ्या कंपनीतले इंजिनिअर, रॉजर बोइजोली आणि त्याचे सहकारी, टेलिफोन बैठकीत सांगत होते की इतक्या थंडीत सांध्यातली रबराची कडी नीट बसणार नाही, उडवू नका. त्यांच्याच कंपनीच्या वरिष्ठांनी त्यांना बाजूला सारून होकार दिला. ॲलन मॅक्डोनाल्ड नावाच्या अधिकाऱ्याने सही करायला नकार दिला, तर ती दुसऱ्याने केली. सकाळी ७३ व्या सेकंदाला शटल फुटलं. सात माणसं गेली, त्यात एक शाळेतल्या बाई होत्या. ते उड्डाण आधी अनेकदा लांबलं होतं आणि टीव्हीच्या बातम्यांमध्ये त्या लांबण्याची टिंगलही झाली होती. टिंगल करणाऱ्यांनी कोणाला मारलं, असं मी म्हणत नाही. पण "अजून किती थांबवणार?" हा प्रश्न हवेत असला की सही करणाऱ्याचा हात कुठे वळतो, ते मला विचारा.

२००३ ची कोलंबिया तर आपल्या सगळ्यांना माहीत आहे, कल्पना चावलांमुळे. उड्डाणात फोमचा तुकडा सुटून पंखावर आदळला होता. काही इंजिनिअरांनी विनंती केली की कक्षेत असताना पंखाचे फोटो मिळवा. वरच्यांना गरज वाटली नाही. १ फेब्रुवारीला परत येताना यान तुटलं. तिथेही सातजण. कुठलीही मोटार, कुठलंही पॅराशूट त्यांना वाचवू शकलं नसतं. वाचवू शकली असती ती फक्त वेळेवर ऐकून घेतलेली शंका.

याच्या उलट उदाहरणं बघा. २०२४ ला सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर यांचं स्टारलायनर मे महिन्यात व्हॉल्व्हमुळे थांबलं. माणसं आत बसलेली होती, त्यांना बाहेर काढलं. १ जूनला चार मिनिटांपेक्षा कमी वेळ उरला असताना पुन्हा थांबलं. ५ जूनला उडालं. वर गेल्यावर हेलियमची गळती आणि थ्रस्टरचा बिघाड. यान बनवणारी कंपनी म्हणत होती की आम्ही त्यांना परत आणू शकतो. नासाने ऑगस्टमध्ये ठरवलं, नको, यान रिकामं आणा. ते रिकामं यान सप्टेंबरमध्ये व्यवस्थित उतरलं. मग ओरड झाली, बघा, उगाच घाबरले! आठवड्याभराच्या मुक्कामाचे नऊ महिने झाले. पण १८ मार्च २०२५ ला दोघे सुखरूप घरी आले. आणि त्यांना आणणाऱ्या यानाचा कमांडर कोण? तोच निक हेग, २०१८ ला सोयूझच्या सुटकेच्या मोटारींनी वाचवलेला.

आपल्या शुभांशू शुक्लांचं उड्डाणही आठवा. २०२५ च्या मे अखेरीपासून तारखा पुढे जात होत्या. जूनमध्ये रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात द्रवरूप ऑक्सिजनची गळती सापडली. इस्रोचे अध्यक्ष व्ही. नारायणन आणि त्यांची माणसं तिथे होती. रॉकेट दुसऱ्याचं, देश दुसऱ्याचा, पाहुणे म्हणून गेलेले. तरी त्यांनी नीट दुरुस्ती झाल्याशिवाय चालणार नाही असा आग्रह धरला. २५ जूनला उड्डाण झालं, १५ जुलैला आपला माणूस समुद्रात सुखरूप उतरला. माझ्या मते त्या मोहिमेतला सगळ्यात अभिमानाचा क्षण तो आग्रहाचा होता. पण त्याचे फटाके कोणी वाजवले नाहीत.

मग माझं म्हणणं काय? तीन गोष्टी.

एक, सणावाराच्या भाषणात तारीख जाहीर करणं बंद करा. कुठल्याही पक्षाचं सरकार असो. रॉकेटला पंधरा ऑगस्ट कळत नाही. तारीख वरून आली की ती खाली जाताना टार्गेट होते, आणि टार्गेट झालं की कुठेतरी बटणाला चिकटपट्टी लागते.

दोन, चाचणीत जे चुकलं ते आपणहून सांगा. २०२३ च्या त्या चाचणीत कुपी समुद्रात उतरल्यावर उलटी झाली होती. इस्रोनेच ते सांगितलं. मला त्यात कमीपणा वाटला नाही, भरवसा वाटला. अमेरिकेत १९६७ ला अपोलोच्या कुपीला जमिनीवरच आग लागून तिघे गेले. त्यानंतर तिथल्या संसदेने एक स्वतंत्र सुरक्षा सल्लागार मंडळ नेमायला लावलं. ते आजही दरवर्षी जाहीर अहवाल देतं आणि नासाला तोंडावर सुनावतं. आपलीही माणसं आता वर जाणार आहेत. इस्रोच्या बाहेरचं आणि दरवर्षी संसदेपुढे अहवाल ठेवणारं असं मंडळ आपल्याकडेही असावं. मित्र म्हणतात, "नाना, असं थांबत बसलो तर कधीच उडणार नाही. थांबणं हे आळसावरचं पांघरूणही असतं." खरंय, असतं. म्हणूनच कारण उघड पाहिजे. कारण सांगितलं की काळजीने थांबलेला कोण आणि कामचुकार कोण, हे लोकांना कळतं. उड्डाणपूल का रखडला ते जसं आपल्याला कोणी सांगत नाही, तसं इथे होऊ नये.

तीन, आणि ही आपल्यासाठी. इस्रोच्या रॉकेटची विकास इंजिनं विक्रोळीला गोदरेजमध्ये बनत आली आहेत. बूस्टरचे भले मोठे सांगाडे इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला बनतात. म्हणजे गगनयानात बसणाऱ्या माणसाचा जीव श्रीहरिकोट्याच्या कॉम्प्युटरवर जितका, तितकाच आपल्यासारख्या एखाद्या फिटरच्या, वेल्डरच्या, इन्स्पेक्टरच्या बोलण्यावर आहे. "साहेब, हा पीस मला बरोबर वाटत नाही," हे वाक्य त्याला न घाबरता म्हणता आलं पाहिजे. ते वाक्य म्हणणाऱ्याला आपण घरी, कंपनीत, ग्रुपवर काय वागणूक देतो? "फार शहाणा आहेस," हेच ना? ती सवय आपण मोडली नाही, तर कितीही महागडी सुटकेची यंत्रणा लावा, वाकलेली पिन तशीच पुढे जाईल.

तो सुरगाण्याचा पोरगा मला काही वर्षांनी सीबीएसवर भेटला. मीच नजर चुकवत होतो, त्याने हाक मारली. चहा पाजला, डाव्या हाताने कप पुढे केला. मी म्हणालो, "त्या रात्री मी थांबवायला पाहिजे होतं." तो म्हणाला, "साहेब, तुम्ही थांबवलं असतं तर मीच तुम्हाला शिव्या दिल्या असत्या. माझे पैसे गेले असते ना."

यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. एवढंच समजतं की शिव्या खाऊनही थांबवायचं असतं, आणि थांबवणाऱ्याला शिव्या पडू नयेत ही जबाबदारी बाकीच्यांची असते.

पुढच्या वेळी उलटी मोजणी मध्येच थांबली आणि कोणी "धक्का मारा" असं टाकलं, तर मी त्या ग्रुपवर ही पोस्ट डकवणार आहे. तुमच्या कंपनीत कोणी कधी लाईन थांबवली असेल आणि बरोबर ठरला असेल, तर त्याच्याबद्दल खाली लिहा. नाव नको, गोष्ट पाहिजे. अशा लोकांच्या गोष्टी आपण फार कमी सांगतो.